दान घेणारे हात

दान ह्या विषयावर आपल्याकडे पुष्कळ लिहिलें व बोललें गेलें आहे. अन्नदानाची महती आपण घरीं ऐकतों, विद्यादानाची शाळेंत ऐकतों, आणि रक्तदानाची तर चौकाचौकांतील फलकांवर वाचतों. ह्या सर्व वर्णनांत देणाऱ्याची स्तुति असते, आणि ती यथायोग्यही असते. परंतु दान देणाऱ्याच्या इच्छेनें आरंभ पावलें, तरी केवळ इच्छेनें तें पुरें होत नाहीं. तें कोणी तरी हातांत घ्यावें लागतें, जपावें लागतें, आणि ज्यास त्याची गरज आहे त्याच्यापर्यंत पोंचवावें लागतें. हा मधला हात ज्यांत अत्यंत महत्त्वाचा असून अत्यंत अप्रसिद्ध राहिला आहे, असें एक दान म्हणजे मरणोत्तर ऊतकदान होय. तें दान स्वीकारणाऱ्या सेवकांविषयीं चार शब्द विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावे, असें आम्हांस वाटतें. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, हें काम परिचारिकेच्या वा शिक्षकाच्या कामाइतकेंच आदरास पात्र आहे. आणि तें नीट पार पडावें म्हणून प्रत्येक कुटुंबानें आपला विचार सुखाच्या दिवसांतच ठरवून ठेवणें अवश्य आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहूं. शरीरांत एकाच प्रकारचें काम करणाऱ्या पेशींचा जो समुदाय, त्यास ऊतक म्हणतात. डोळ्याच्या बुबुळावर घड्याळाच्या कांचेसारखा बसलेला पारदर्शक पडदा, ज्यास पारपटल अथवा कॉर्निया असें नांव आहे, तो, अंगावरील त्वचा, हाडें, स्नायुबंध, हृदयाच्या झडपा, हीं सर्व ह्या दानाच्या कक्षेंत येतात. हृदय, यकृत, मूत्रपिंड इत्यादि अवयवांचें दान आणि ऊतकांचें दान ह्यांत एक मोठा भेद आहे. अवयव रक्ताच्या प्रवाहावांचून फार वेळ टिकत नाहींत. म्हणून मरणोत्तर अवयवदान बहुधा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागांत, मेंदूचा मृत्यु निश्चित झाल्यावर, यंत्राच्या साह्यानें रक्ताभिसरण चालू असतांनाच होतें. ऊतकांचें तसें नाहीं. हृदय थांबल्यावरही कांहीं तास तीं उपयोगी राहतात. त्यामुळें आपल्या घरीं, आपल्या अंथरुणावर, वृद्धापकाळानें ज्याचा शेवट झाला, असा मनुष्यही ऊतकांचा दाता होऊं शकतो. ज्या आजोबांनीं जन्मभर चष्मा लाविला, ज्या आजींच्या डोळ्यांतील मोतीबिंदू काढिला होता, ज्या काकांस मधुमेह होता, त्यांनींही नेत्रदानाची आशा सोडावयास नको. मोतीबिंदू हा डोळ्याच्या आंतील भिंगाचा विकार आहे. पारपटल त्याहून निराळें व पुढें असतें.

ह्या विद्येचा इतिहास फार जुना नाहीं. ७ डिसेंबर १९०५ रोजीं मोराव्हिया प्रांतांतील ओलोमोत्स शहरीं डॉ. एडुआर्ड झिर्म यांनीं, चुन्यानें डोळे गेलेल्या एका मजुराच्या डोळ्यावर दुसऱ्याचें पारपटल यशस्वी रीतीनें बसविलें. तें पटल एका अकरा वर्षांच्या मुलाच्या, अपघातानें निकामी होऊन काढाव्या लागलेल्या डोळ्याचें होतें. परंतु जिवंत मनुष्याचा डोळा काढावा लागण्याचे असे प्रसंग किती येणार? पुढें १९३० नंतरच्या वर्षांत ओडेसा येथील डॉ. व्लादिमीर फिलातोव्ह यांनीं मृतांच्या डोळ्यांचीं पटलें वापरण्याची पद्धति रूढ केली, आणि तेव्हां कोठें ह्या उपचाराचा मार्ग सर्वसामान्य रुग्णांस मोकळा झाला. १९४४ सालीं न्यूयॉर्क येथें पहिली नेत्रपेढी निघाली, आणि लगेच पुढल्या वर्षीं, १९४५ सालीं, मद्रास येथें भारतांतील पहिली नेत्रपेढी स्थापन झाली. पेढी हा शब्द येथें मोठा अर्थपूर्ण आहे. इतर पेढ्यांत ठेव ठेवणारा ती व्याजासह परत मागतो. ह्या पेढींत ठेव ठेवणारा परत कधींच येत नाहीं, आणि तिचा लाभ ज्यास होतो तो त्याच्या परिचयाचाही नसतो.

आपल्या प्रांतापुरतें पाहिलें तर, १९५७ सालीं त्या वेळच्या मुंबई राज्यांत पारपटल रोपणाविषयीं स्वतंत्र कायदा झाला. १९८८ सालीं मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयांत ऊतकपेढी सुरू झाली. तेथें मातांनीं प्रसूतीनंतर दिलेलें गर्भावरण आणि दात्यांचें हाड हीं स्वच्छ करून, वाळवून, गॅमा किरणांनीं निर्जंतुक केलीं जातात. गर्भावरण जखमेवर झांकण म्हणून, तर हाड शस्त्रक्रियेंत पोकळी भरण्यास उपयोगीं पडतें. २००० सालीं शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत त्वचापेढी निघाली, आणि पुढें ऐरोलीच्या राष्ट्रीय जळित केंद्रांतही तशी पेढी झाली. १९९४ चा अवयवरोपणाचा केंद्रीय कायदा २०११ सालीं सुधारण्यांत आला, तेव्हां त्याच्या नांवांत 'ऊतक' ह्या शब्दाची भर पडली.

आतां ज्या सेवकांविषयीं आम्हांस बोलावयाचें आहे, त्यांचें काम कसें चालतें तें पाहूं. मृत्यूनंतर साधारणपणें सहा तासांच्या आंत डोळे घ्यावे लागतात. म्हणून नेत्रपेढीस निरोप पोंचतो, तो दिवसाचा कीं रात्रीचा, भर पावसांतला कीं सणावारांतला, हें पाहण्याची सोय ह्या सेवकांस नाहीं. पेटी घेऊन ते निघतात. घरीं पोंचल्यावर आधीं मृत्यूचा दाखला पाहतात, मग जवळच्या नातलगांस सर्व समजावून सांगून लेखी संमति घेतात. मृत्यु कशानें झाला, पूर्वीं कोणता आजार होता, हें बारकाईनें विचारतात. कारण रेबीज, एड्स, कांहीं प्रकारची कावीळ, रक्तांत पसरलेला जंतुसंसर्ग अशा रोगांनीं गेलेल्याचें ऊतक दुसऱ्यास देणें म्हणजे त्यास रोगच देणें होय. त्यासाठीं मृताच्या रक्ताचा थोडासा नमुनाही तपासणीकरितां घेतात. मग प्रत्यक्ष काम. तें पंधरावीस मिनिटांत आटोपतें. कधीं संपूर्ण डोळा, तर कधीं केवळ पारपटल व त्याभोंवतींची पांढरी कड तेवढी काढतात. डोळ्याच्या खोबणींत कापूस किंवा कृत्रिम कवच बसवून पापण्या मिटल्या म्हणजे पाहणाऱ्यास चेहऱ्यांत कांहींच फरक दिसत नाहीं. कायद्यानें पारपटल काढण्याचें काम योग्य शिक्षण घेतलेल्या तंत्रज्ञासही सोंपविलें आहे. त्यास डॉक्टरच पाहिजे असें नाहीं.

तेथून पुढचें काम प्रयोगशाळेंत चालतें. पारपटलाच्या सर्वांत आंतल्या बाजूस पेशींचा एकेरी थर असतो. तो थर पटलांतील पाणी सतत बाहेर काढून त्यास पारदर्शक ठेवितो. ह्या पेशी मनुष्यांत एकदां नष्ट झाल्या म्हणजे पुन्हा उत्पन्न होत नाहींत. म्हणून सूक्ष्मदर्शकाखालीं त्यांची दाटी मोजतात, आणि पुरेशा जिवंत पेशी असल्या तरच तें पटल दृष्टि देण्याच्या शस्त्रक्रियेस पाठवितात. विशिष्ट द्रवांत थंड ठेविल्यास असें पटल सुमारें चौदा दिवस टिकूं शकतें. एका दात्याच्या दोन पटलांनीं दोन अंधांस दृष्टि मिळूं शकते.

त्वचेची कथा याहून निराळी. आपल्याच अंगाची कातडी आपल्याच अंगावर दुसऱ्या जागीं रुजते, ही गोष्ट आपल्या देशास पूर्वींपासून ठाऊक होती. शत्रूनें नाक कापलेल्या एका गाडीवानास पुण्यांतील एका कारागिरानें कपाळाच्या कातडीचें नवें नाक करून दिल्याची हकीकत १७९४ सालीं लंडनच्या मासिकांत सचित्र छापली गेली होती. परंतु ज्याचें अर्धें अंग जळालें आहे, त्यानें स्वतःची कातडी आणावी कोठून? अशा वेळीं मृत दात्याची त्वचा त्याच्या उपयोगीं पडते. मांड्या, पाय व पाठ ह्यांवरून त्वचेचा केवळ वरचा पातळ पापुद्रा घेतात. रक्तस्राव होत नाहीं, जागेवर पट्टी बांधतात, आणि वस्त्र घातल्यावर कांहींच दिसत नाहीं. ग्लिसरीनच्या तीव्र द्रावणांत शीत ठेविलेली ही त्वचा कांहीं वर्षें टिकते, आणि ती वापरण्यास रक्तगट जुळावा लागत नाहीं. ती रुग्णाच्या अंगावर कायमची राहत नाहीं. कांहीं आठवड्यांनीं गळून पडते. परंतु तेवढ्या अवधींत ती जखम झांकते, अंगांतील पाणी बाहेर जाऊं देत नाहीं, जंतूंस अटकाव करिते आणि वेदना कमी करिते. जीव वांचण्यास कित्येकदां एवढी सवड पुरते.

इतकें सांगितल्यावर कोणी म्हणेल कीं, हें तर शस्त्राचें व रसायनाचें काम झालें. आमचें मत असें कीं ह्या सेवेंतील सर्वांत कठीण भाग शस्त्र हातीं घेण्यापूर्वींच येतो, आणि तो म्हणजे विचारणें. घरांत नुकतेंच प्रेत पडलें आहे, आई ऊर बडवीत आहे, मुलगा भिंतीस टेकून सुन्न बसला आहे. अशा घटकेस परका मनुष्य पुढें होतो आणि दान मागतो. हें मागणें निष्ठुरपणाचें आहे, असें पुष्कळांस वाटतें. पण क्षणभर दुसऱ्या बाजूनें पाहावें. विचारलें नाहीं, तर त्या कुटुंबास देण्याची संधीच मिळत नाहीं. आणि सहा तास उलटून गेल्यावर 'आम्हीं दिले असते' असें वाटून उपयोग नसतो. म्हणून कित्येक रुग्णालयांत ह्या कामाकरितां मुद्दाम शिकविलेले समुपदेशक असतात. त्यांनीं आधीं शोकांत सहभागी व्हावें, पाणी द्यावें, दाखल्यांच्या कामीं मदत करावी, आणि मग शांतपणें विचारावें, अशी रीत आहे. उत्तर 'नाहीं' आलें तर त्याचाही मान राखून, पुन्हा गळ न घालतां, नमस्कार करून निघून जावें. जो 'नाहीं' ऐकून घेऊं शकत नाहीं, तो ह्या सेवेस अपात्र होय, असें आम्ही समजतों.

संमति हाच ह्या सेवेचा प्राण आहे, हें एका परदेशी उदाहरणानें स्पष्ट होईल. १९९९ सालीं इंग्लंडांत लिव्हरपूल येथील एका बालरुग्णालयाविषयीं असें उघडकीस आलें कीं, शवपरीक्षेच्या वेळीं काढलेले मुलांचे अवयव आईबापांस न विचारतां वर्षानुवर्षें ठेवून घेतले होते. अवयव ठेवण्याचा हेतु अभ्यासाचा असेलही. परंतु ज्या आईनें आपलें लेंकरूं संपूर्ण पुरलें असें समजून अश्रु गाळले होते, तिच्या मनावर ह्या बातमीनें काय आघात झाला असेल! २००१ सालीं चौकशीचा अहवाल निघाला, आणि २००४ सालीं त्या देशानें मानवी ऊतकांविषयीं नवा कायदा केला. त्याच्या मुळाशीं संमतीचें तत्त्व आहे. शास्त्राचा हेतु कितीही उंच असो, न विचारतां घेतलेली वस्तु दान ठरत नाहीं. त्याचप्रमाणें विकत घेतलेली वस्तुही दान ठरत नाहीं. म्हणून आपल्या कायद्यानें ह्या व्यवहारांत पैसा देणें व घेणें हा गुन्हा ठरविला आहे. आणखी एक सचोटी अवश्य आहे. घेतलेलें प्रत्येक पारपटल रोपणास योग्य निघतेंच असें नाहीं. कांहीं पटलें अभ्यासाच्या व शिक्षणाच्या उपयोगास जातात. ही गोष्ट कुटुंबास आधींच सांगितली पाहिजे. गोड अर्धसत्य सांगून मिळविलेली संमति पुढें शंभर घरांचीं दारें बंद करिते.

आतां एका अप्रिय विषयाकडे वळणें भाग आहे. मृतदेहास स्पर्श करणें हें आपल्या समाजानें फार काळ हीन मानिलें, आणि तें काम कांहीं जातींच्या माथीं मारून वर त्यांसच अस्पृश्य ठरविलें. वस्तुतः सुश्रुतासारख्या आचार्यानें मृतदेहाच्या प्रत्यक्ष निरीक्षणावांचून शल्यवैद्याचें ज्ञान अपुरें आहे, असें सांगून ठेविलें होतें. तें ज्ञान आपण सोंवळ्यापायीं गमाविलें. १८३६ सालीं कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांत पंडित मधुसूदन गुप्त यांनीं शवविच्छेदन केलें, तेव्हां जुन्या मतांविरुद्ध त्यांस केवढें धैर्य धरावें लागलें असेल! आज डॉक्टरास कोणी विटाळ मानीत नाहीं. परंतु शवागारांतील सेवक, प्रेतास स्नान घालणारा, डोळे घेण्यासाठीं येणारा तंत्रज्ञ, ह्यांच्याविषयींचा जुना संकोच मनाच्या कोपऱ्यांत अजून दडून बसला आहे. मुलगी 'मी नेत्रपेढींत काम करीन' असें म्हणाली, तर किती घरांत आनंद होईल? 'दुसरें कांहीं नाहीं का मिळालें?' हा प्रश्न आधीं येईल. हा संकोच जावा, हीच आमची ह्या लेखामागील मुख्य इच्छा आहे. ख्रिस्ताचें शरीर पिलाताकडे मागून घेऊन तें आदरानें कबरेंत ठेवणारा अरिमथाईकर योसेफ आमच्या विद्यार्थ्यांस शास्त्रपाठाच्या तासास भेटतो. त्यानें त्या वेळीं शरीर मागितलें, म्हणून त्यास कोणी हीन म्हटलें नाहीं. उलट त्याचें नांव आदरानें राहिलें. मृतदेहाशीं मायेनें वागणें ही सेवाच आहे. मग त्या मायेनें एखाद्या जिवंताचेंही कल्याण होत असेल, तर ती अधिकच मोठी होय.

आक्षेपांचाही विचार केला पाहिजे. देह जसा आला तसा अखंड गेला पाहिजे, असें कांहींजण म्हणतात. ह्या जन्मीं डोळे दिले तर पुढल्या जन्मीं अंधत्व येईल, अशीही भीति कोठें कोठें ऐकूं येते. ज्या परंपरेंत दधीचि ऋषींनीं लोककल्याणासाठीं आपलीं हाडें दिल्याची कथा पूज्य मानितात, तींत दानाचें फळ अंधत्व कसें असेल? ख्रिस्ती घरांतही पुनरुत्थानाच्या विचारानें कोणी कचरतात. त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं, मातींत गेलेला देह मातीच होतो, आणि त्यास पुन्हा उठविणाऱ्या सामर्थ्यास एका पातळ पडद्याची उणीव अडचण करणार नाहीं. १४ मे १९५६ रोजीं पोप बारावे पायस यांनीं नेत्रवैद्य व नेत्रदानाचे पुरस्कर्ते यांच्यापुढें बोलतांना मृताच्या डोळ्याचें पटल घेण्यांत धर्मदृष्ट्या दोष नाहीं, असा निर्वाळा दिला. आणि त्याच वेळीं मृतदेहाचा आदर व आप्तांच्या भावना राखण्याविषयींही बजावलें. अंत्यविधीस उशीर होईल ही तिसरी शंका. परंतु डोळ्यांचें काम पाऊण तासाच्याही आंत होतें, आणि त्वचेस थोडा अधिक वेळ लागतो. दूरच्या आप्तांची वाट पाहण्यांत याहून किती तरी अधिक वेळ जातो.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, दानपत्र भरून कपाटांत ठेविलें म्हणजे काम झालें असें समजूं नये. त्या घटकेस दाता बोलूं शकत नाहीं. बोलावयाचें असतें तें घरच्यांनीं. म्हणून एखाद्या रात्रीं सर्वजण जेवावयास एकत्र बसले असतां हा विषय काढावा, आपली इच्छा स्पष्ट सांगावी, व जवळच्या नेत्रपेढीचा क्रमांक सर्वांस दिसेल अशा ठिकाणीं लिहून ठेवावा. दरवर्षीं २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदानाचा पंधरवडा देशभर पाळला जातो. ह्या बोलण्यास तो योग्य काळ आहे. प्रसंग आल्यास मृताचे डोळे मिटावे, पापण्यांवर स्वच्छ ओला कापूस ठेवावा, उशीनें डोकें किंचित् उंच करावें, वरचा पंखा बंद करावा, आणि पेढीस त्वरित कळवावें. इतकें एखादा शाळकरी मुलगाही सांगूं शकेल. आणि घरांतील मोठीं माणसें शोकांत बुडालेलीं असतां त्यानें तें सांगितलें, तर तें त्याचें धैर्यच होय.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यांपैकीं पुष्कळांनीं डॉक्टर वा इंजिनिअर होण्याचें मनांत आणिलें असेल. तें उत्तमच आहे. परंतु कांहींजणांनीं ह्या अप्रसिद्ध सेवेकडेही पाहावें. जीवशास्त्र, नेत्रतपासणी, परिचर्या, प्रयोगशाळेचें तंत्र, समाजकार्य अशा अनेक वाटांनीं तिच्यापर्यंत जातां येतें. तिला कुशल हात पाहिजेत, स्वच्छतेची कडक शिस्त पाहिजे, मध्यरात्रीं उठण्याची तयारी पाहिजे, आणि रडणाऱ्या माणसाजवळ गप्प बसण्याची कला पाहिजे. ह्या सेवेंत टाळ्या मिळत नाहींत. ज्यास दृष्टि आली तो शल्यवैद्याचे पाय धरतो, दात्याच्या कुटुंबास दुवा देतो; मध्यें पेटी घेऊन धांवलेल्या मनुष्याचें नांव त्यास कळतही नाहीं. तथापि तो धांवला नसता, तर देणाऱ्याची इच्छा चितेवर जळून गेली असती आणि घेणारा अंधारांतच राहिला असता. अशा मनुष्याविषयीं आदर बाळगणें हें आपल्यापैकीं प्रत्येकास आजच करतां येण्यासारखें आहे; आणि तो दारांत उभा राहील त्या दिवशीं त्यास काय उत्तर द्यावयाचें, हें आपल्या घरीं आजच ठरवून ठेवणें, हेंही.